विषय: खिडक्या बदलण्याच्या रखडलेल्या परवानगीबाबत आणि वरच्या मजल्यावरील जाळीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या सदनिकेच्या चारही खिडक्या बदलण्याचा अर्ज गेल्या पावसाळ्यापासून आपल्याकडे पडून आहे. पोचपावती माझ्याकडे आहे. विचारायला गेलं की "पुढच्या मीटिंगला घेऊ" एवढंच तोंडी उत्तर मिळतं. शेजारधर्म सांभाळायचा म्हणून आजवर आवाज चढवला नाही. आता पावसाळा पुन्हा तोंडावर आला आहे, म्हणून हे लेखी.

सदनिकेत फेरफार करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी, असं उपविधी सांगतात. मी ती रीतसर मागितली. माझ्या बरोबर वरच्या सदनिकेतील सभासदांनी भिंतीबाहेर दोन फूट काढलेली पेटीसारखी लोखंडी जाळी कोणत्या परवानगीने लावली, हे मात्र आजतागायत कोणी विचारलेलं नाही. तिच्यात कुंड्या आहेत. त्यांना घातलेलं पाणी माती घेऊन आमच्या छज्ज्यावर पडतं, तिथून भिंतीत मुरतं. बेडरूमच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात गिलाव्याचे पोपडे सुटलेत, हात लावला की भुगा हातात येतो.

खालून येणाऱ्या पाण्याचं कारण वेगळं आहे आणि तेही सोसायटीच्याच कामातून आलेलं आहे. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी त्यातून बाहेर जातं. इमारतीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने ती सगळी रंगाने बुजवली. जोराचा पाऊस आला की ट्रॅक भरतो आणि पाणी आतली कड ओलांडून थेट गादीवर येतं. मी सुई घालून जमतील तेवढी भोकं मोकळी केली, पण ॲल्युमिनियम खाली कुजलं आहे आणि शटरची चाकं झिजली आहेत. आता दुरुस्तीने भागणार नाही.

"घाई कशाला?" असं सेक्रेटरी म्हणाले. या कामाचा क्रम त्यांना माहीत नसावा, म्हणून सांगतो. आधी माप. रुंदी वर, मध्ये आणि खाली, तशीच उंचीही तीन ठिकाणी मोजावी लागते. शिवाय दोन्ही कर्ण, कारण जुन्या इमारतीत एकही चौकट काटकोनात नसते. आमच्या हॉलच्या खिडकीत वरच्या आणि खालच्या मापात 8 मिलिमीटरचा फरक निघाला. सगळ्यांत कमी माप धरून, फटीसाठी जागा सोडूनच ऑर्डर द्यायची असते. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, म्हणजे नंतर "जरा डिझाइन बदला" म्हणालात तर ती काच फुकट. चौकटी तयार व्हायला काही आठवडे जातात. आणि ओल्या भिंतीला फट बुजवणारं सीलंट धरत नाही, त्यामुळे हे काम कोरड्या दिवसांतच उरकावं लागतं. परवानगी आज मिळाली तरी दिवस जेमतेम पुरतील.

दर्शनी भाग बिघडेल ही हरकत मला मान्य नाही. चौकटींचा रंग आहे तोच पांढरा, विभागणीही तीच. फक्त दोनऐवजी तीन ट्रॅक, म्हणजे डासांची जाळी बसेल. रस्त्यावरून बघणाऱ्याला हा फरक कळणारसुद्धा नाही. दोन फूट बाहेर आलेला पिंजरा मात्र गेटपासून दिसतो.

खरी अडवणूक पुढे आहे. जुनी चौकट आतून काढता येते, पण बाहेरच्या फटीत सीलंट भरायला गच्चीवरून दोराचा झुला सोडावाच लागतो. वरचे सभासद म्हणतात, दोर त्यांच्या जाळीला घासेल. त्यांच्या या तोंडी हरकतीवरून माझा लेखी अर्ज बाजूला ठेवला गेला, असं समितीतल्याच एकांनी मला सांगितलं. विनापरवाना बांधलेली वस्तू वाटेत येते म्हणून रीतसर मागितलेलं काम थांबवायचं, हा कुठला न्याय? आमच्या विंगमधल्या बहुतेकांचं हेच मत आहे. रोज जिन्यात तोंडं दिसतात, म्हणून ते लिहून देत नाहीत इतकंच.

माझ्याकडून कोणाला त्रास होऊ नये ही काळजी मी घेतली आहे. तोडफोड फक्त दोन दिवस, दुपारची वेळ सोडून. लिंटेलला, म्हणजे खिडकीवरच्या तुळईला, हात लावणार नाही. तोडफोडीचं राबीट जिन्यात ठेवणार नाही, अनामत रक्कमही भरायला तयार आहे. यापेक्षा जास्त एखाद्या सभासदाने काय करायचं?

तरी सात दिवसांत परवानगी लेखी द्यावी. नाकारायची असेल तर कारणासह लेखी नाकारावी, "बघू" हे उत्तर मी यापुढे धरणार नाही. काम चालू असेपर्यंत वरची जाळी त्या सभासदांनी स्वखर्चाने उतरवावी आणि ती पुन्हा चढवायची असल्यास माझ्यासारखाच अर्ज करावा. गच्चीची किल्ली कामाच्या दिवशी सकाळीच वॉचमनकडे असावी.

कळावे,

आपला,
एक नियमित मेंटेनन्स भरणारा सभासद,
ब विंग, दुसरा मजला

प्रत: सेक्रेटरी, खजिनदार आणि ब विंगचा नोटीस बोर्ड