रणगाड्याची नळी आणि सियागंजचा लेथवाला

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत स्केल मॉडेलच्या, म्हणजे किटमधले प्लास्टिकचे तुकडे चिकटवून रणगाड्याची लहान प्रतिकृती करायच्या छंदावर लेख आला तो मी दोनदा वाचला, मोबाईलवरच, कारण इंदुरात तुमचा पेपर हातात मिळायचे दिवस गेले. आमच्यासारख्या रणगाडे चिकटवत बसणाऱ्या म्हाताऱ्यांवर कोणी लिहिलं ह्याचाच आनंद झाला. पण त्यात एक वाक्य आहे की खरी मजा हवी असेल तर किटबरोबर मेटलचा पूर्ण सेट घ्या, म्हणजे तोफेची नळी, चाकांवरची चेन, फोटो-एच (अॅसिडने कोरलेले पातळ पत्र्याचे बारीक पार्ट) सगळंच, ते वाचून माझा चहा गार झाला. अहो, तो पूर्ण सेट किटपेक्षा महाग पडतो, आणि हे वाचून एखादा कॉलेजातला पोरगा छंदच सोडून देईल!

मी पिथमपूरला कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, हातात कायम बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर, त्यामुळे मला एकच हिशोब समजतो, धातू तिथेच लावा जिथे प्लास्टिकला जमत नाही. बाकी नुसती हौस. आणि हौसेला मोल नाही म्हणतात ते सेट विकणाऱ्यांच्या फायद्याचं आहे.

आधी नळी घ्या. जुन्या किटमध्ये तोफेची नळी दोन अर्ध्या तुकड्यांची येते, चिकटवली की मधे शिवण दिसते, ती घासायला गेलं की गोल नळी लंबगोल होते. इथे अॅल्युमिनियमची नळी पैसे वसूल करते, एकच पार्ट आणि पूर्ण मॉडेलचा चेहरा बदलतो. पण नव्या किटमध्ये नळी बऱ्याचदा एकाच तुकड्यात, पुढचं भोकसुद्धा तयार असलेली येते, तिथे परत मेटलची घेणं म्हणजे टोपीवर पगडी. आणि मोठ्या नळीला अॅल्युमिनियमच घ्या, पितळेची जड असते, तोफेचा सांधा जरा सैल असला की नळी मान टाकते. रंगाआधी प्राइमर मारायचा, नाहीतर नखाने पापुद्रा निघतो.

आता माझी फजिती सांगतो. टी-55 करत होतो, रशियन बनावटीचा पण आपल्या फौजेतला रणगाडा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे नळी स्वस्तात दिसली, लगेच मागवली, महिनाभराने आली, फिनिश एकदम झकास, आणि लावल्यावर लक्षात आलं की ही 100 मिलीमीटरवाली आहे. म्हणजे 1971 च्या लढाईतला टी-55 करायचा असता तर बरोबर होती, पण मी करत होतो नंतरचा, आणि आपल्याकडे पुढे त्या रणगाड्यांवर 105 मिलीमीटरची तोफ बसवली. दोन्ही नळ्या लांबून सारख्या वाटतात, पण धूर खेचणारा तो जाड फुगवटा 100 वाल्यात अगदी तोंडाशी असतो आणि 105 वाल्यात नळीच्या मधे कुठेतरी. परदेशी कंपन्या टी-55 लिहून जी नळी विकतात ती बहुतेक रशियन मापाची, त्यांना आपल्या रणगाड्याचं काय पडलंय. विक्रेत्याने अर्थातच परत घेतली नाही. तेव्हा स्वस्त बघायच्या आधी कोणता रणगाडा, कोणत्या सालचा हे ठरवा. जमलं तर नगरचं रणगाडा म्युझियम बघून या, आता त्याला अहिल्यानगर म्हणायचं, आम्हा इंदूरकरांना तर ते नाव घरचंच वाटतं. नळी डोळ्यांनी बघितली की कॅटलॉग फसवू शकत नाही.

मग केलं काय, तर इथल्या सियागंज बाजारात जाऊन अॅल्युमिनियमचा रॉड घेतला आणि ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. 1/35 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाच्या मापात, 105 ला 35 ने भागलं की बरोबर 3 मिलीमीटर येतात, म्हणजे नळीच्या तोंडाला साधा 3 चा ड्रिल पुरतो, असा सरळ हिशोब ह्या छंदात फार क्वचित लागतो. (हे 1/35 चं मापसुद्धा गंमतच आहे, तामिया ह्या जपानी मॉडेल कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर हा जर्मन रणगाडा काढला तेव्हा मोटर आणि बॅटरी आत बसेल एवढा केला आणि मग मोजलं तर 35 आलं, तेच जगाने धरलं.) लेथवाला आधी हसला, "काय भाऊसाहेब, खेळणं?" मग पंधरा सेंटीमीटर लांबीची एवढी बारीक नळी, तीही पुढे निमुळती, म्हटल्यावर गप्प झाला, कारण रॉड मधे लवतो आणि टूल थरथरतं. रॉडच्या दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार देऊन, टप्प्याटप्प्याने उतरवून, शेवटी कानस आणि पॉलिश पेपर लावून चौथा पीस जमला. पहिले तीन वाकडे झाले ते त्याने टेबलावर शोभेला ठेवलेत. मजुरी जेवढी घेतली तेवढ्यात बाहेरून नुसतं कुरियर आलं नसतं.

चेनबद्दल जरा सविस्तर सांगायला पाहिजे, सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. मेटलची चेन छान का दिसते तर वजनाने लोंबते, आणि टी-34 किंवा टी-55 ला वरच्या बाजूला चेन उचलून धरणारे रोलर नसतात त्यामुळे खरी चेनही चाकांवर अशीच टेकलेली दिसते. इथे पैसे असतील तर जरूर घ्या, फक्त टी-55 च्या एका बाजूला नव्वदेक कड्या, प्रत्येकीत तार ओवायची, म्हणजे आठवड्याची संध्याकाळ गेली. पण शर्मनला वर रोलर असतात, चेन ताणलेली, तिथे मेटलने काहीच फरक पडत नाही. आणि सेंच्युरियन, विजयंता या रणगाड्यांना तर बाजूने पत्र्याचा पडदाच, वरची चेन दिसतच नाही, तिथे मेटल चेन लावणं म्हणजे धोतराखाली जरीची विजार! त्यापेक्षा सुट्या कड्यांची प्लास्टिक चेन घ्या, ग्लू अर्धवट सुकला की चाकांवर हाताने लोंबवा, वर रंग चढला की फरक शोधणाऱ्याला माझ्याकडून पोहे-जलेबी. एक काळजी घ्या, मेटल चेनच्या मिश्रधातूत शिसं असू शकतं, घासताना मास्क लावा आणि नंतर हात धुवा, पोरं घरात असतात.

फोटो-एचच्या पत्र्यात पन्नास पार्ट, त्यातले तीस कुणाला दिसणार नाहीत. हा पत्रा का लागतो तर किटमधला मडगार्ड एक मिलीमीटर जाड धरला तरी खऱ्या मापात साडेतीन सेंटीमीटर झाला, असा मडगार्ड कोणी बनवत नाही. पण कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिलीमीटर, म्हणजे खऱ्यात साडेतीन मिलीमीटर, कात्रीने कापा, वाकवा, चेचा, फुकट. इंजिनवरच्या जाळीला चहाची बारीक गाळणी चालते, आमच्या घरची एक त्यात कामी आली, अजून ऐकून घेतोय. मशीनगनच्या नळीला इंजेक्शनची 23 नंबरची नवी सुई, बाहेरून 0.64 मिलीमीटर, आणि आतून पोकळ असल्यामुळे भोक पाडायची कटकटच नाही. फक्त पकडीने तोडू नका, तोंड चेपतं, कटिंग डिस्क लावा, डोळ्यावर चष्मा लावा, आणि टोकाचा तुकडा लगेच डबीत टाका.

सरकारलाही एक सांगायचंय. खेळण्यांवरची आयात ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाली, देशी खेळणीवाल्यांचं भलं व्हावं म्हणून, ठीक आहे. पण स्केल मॉडेलही कस्टमवाले खेळण्यांच्या त्याच 9503 नंबराच्या खात्यात मोजतात, म्हणजे नातवाची शिट्टी आणि माझा टी-55 एकाच रकान्यात, आणि देशात असे किट बनवणारे शोधावे लागतात. म्हणून तर आम्ही चौघं-पाचजण मिळून वर्षातून एकदाच ऑर्डर करतो, कुरियर वाटून घेतो, आणि ज्याला खरंच नळी पाहिजे त्यालाच नळी, सेट कोणालाच नाही.

जाता जाता, त्या लेखाबरोबरच्या फोटोखाली टी-72 छापलंय. तो टी-55 आहे साहेब. एका बाजूला चाकं पाचच आहेत, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकामधे मोठी फट दिसतेय ना, ती बघा. टी-72 ला सहा असतात. दुरुस्ती छापलीत तर बरं होईल.

आपला,
एक जुना वाचक,
रामबाग, इंदूर