डिबेट चालू असताना पडद्यावर ती रेघ नको

प्रति,
मा. अध्यक्ष व आयुक्त,
फेडरल इलेक्शन कमिशन, वॉशिंग्टन

महोदय,

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या डिबेट कोणी भरवाव्यात आणि कशा, याचे नियम आपल्या आयोगाचे आहेत. त्यातल्या ११०.१३ क्रमांकाच्या नियमानुसार डिबेटची रचना एका उमेदवाराला पुढे करणारी नसावी. कुंपणावरच्या, म्हणजे कुणाला मत द्यायचे ते न ठरलेल्या, मतदारांची पसंती म्हणून पडद्याच्या तळाशी वरखाली होणारी रेघ त्यात बसत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाहिन्या काही डझन लोक एका खोलीत बसवतात. प्रत्येकाच्या हातात डायल. बोलणे पटले की वर, नाही पटले की खाली. सगळ्यांची सरासरी रेघ बनून पडद्यावर सरकत राहते. आता हिशेब पाहा. गट ३० जणांचा आणि डायल ० ते १०० चा असेल, तर सहाच जणांनी तो ५० वरून १०० वर नेला की रेघ १० अंकांनी उसळते. घरी बसलेल्याला वाटते, अख्खा देश भारावला. ब्रिटनमध्ये २०१० साली संशोधकांनी सुमारे १५० जणांना थेट डिबेट दाखवताना ही रेघ मुद्दाम एका नेत्याकडे झुकवली. कोण जिंकले, याबद्दलचे प्रेक्षकांचे मतही तिकडेच झुकले.

खोलीतले सगळे तरी खरेच कुंपणावरचे असतात का? ‘तुमचे ठरले आहे का?’ एवढेच विचारले, तर एका पक्षाकडे कललेले आणि मतदानालाच न जाणारे, दोघेही आत शिरतात. कल कुणाकडे, मागचे मत कुणाला, या वेळी जाणार का, हे तिन्ही प्रश्न हवेत.

६ ऑक्टोबर १९७६ रोजी जिमी कार्टर यांच्याशी झालेल्या डिबेटमध्ये तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नसल्याचे विधान केले. त्याच रात्री ज्यांना विचारले, त्यांना फोर्ड सरस वाटले होते. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ते एक वाक्य उगाळल्यावर दुसऱ्या दिवशी कौल कार्टर यांच्याकडे गेला. डिबेट तीच होती! कॅरोलिन ल पेनेक आणि व्हिन्सेंट पॉन्स या संशोधकांनी ६२ निवडणुका आणि ५६ डिबेट तपासल्या. उशिरा ठरवणाऱ्यांच्या मतावरही डिबेटचा परिणाम त्यांना आढळला नाही. मत ठरते ते प्रचारकाळात इतरत्र मिळणाऱ्या माहितीवर. म्हणूनच डिबेटभोवती काय दाखवले जाते, याची आम्हाला काळजी आहे.

डिबेट चालू असताना रेघ दाखवू नये. नंतर दाखवायची तर गटातली संख्या आणि निवडीचे प्रश्न सोबत द्यावेत. डिबेटचे संपूर्ण शब्दांकन त्याच रात्री खुले करावे.

आणि डिबेटची तारीख. ती प्रचारयंत्रणा ठरवतात, हे मान्य; तरी आपण जाहीर शिफारस करू शकता. सैनिकांच्या आणि परदेशस्थ मतदारांच्या मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी रवाना होतात. २०२० मध्ये ती तारीख १९ सप्टेंबर होती. अध्यक्षपदाच्या दोन्ही डिबेट मात्र त्यानंतर झाल्या, २९ सप्टेंबर आणि २२ ऑक्टोबरला. २०२८ चे मतदान ७ नोव्हेंबरला आहे. त्याच्या ४५ दिवस आधी येतो २३ सप्टेंबर; पहिली डिबेट त्याच्या आत व्हावी.

आपले,
अमेरिकेतील मराठी भाषक मतदार