परत आलेल्या पत्राऐवजी

काका,

तुम्हाला पाठवलेलं आभाराचं पत्र गेल्या महिन्यात परत आलं. पाकिटावर 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा, खाली कुणाची तरी लपेटेदार सही, मागे दोन शिक्के. आधी वाईट वाटलं, पण तेवढ्यात हात भिंगाकडे गेलाच. ही खोड तुम्ही लावलेली. नवा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते.

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात तुमच्या टेबलाशी मी आले तेव्हा पिशवीत पाकिटांचे तिकिटासकट कापलेले कोपरे होते, पाण्यात भिजवून सोडवायचे राहिलेले. दूरच्या बेटांची तिकिटं जमवते म्हणून मी जरा मिरवतच होते. तुम्ही चिमट्याने त्यातला एक कोपरा उचललात. दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान दा कुन्हा बेटाचं तिकीट, वर शिक्क्याचा अर्धा गोल. 'कुन्हा' एवढंच वाचता येत होतं; तारीख माझ्या कात्रीने गेली होती. तुम्ही रागावला नाहीत. "पत्र कधी निघालं ते तू कचऱ्यात टाकलंस," एवढंच म्हणालात आणि कोपरा जागेवर ठेवलात. त्या दिवसापासून मी एकही पाकीट कापलेलं नाही.

मग तुम्ही तुमचा अल्बम उघडलात. मला वाटलं होतं, रंगीत तिकिटं दिसतील. पहिल्याच पानावर पॅसिफिकमधल्या पिटकर्न बेटाचं असं पाकीट, ज्यावर तिकीटच नाही! १९२७ मध्ये तिथे न्यूझीलंडची तिकिटं मिळू लागली. त्याआधी पत्रावर 'तिकिटं उपलब्ध नाहीत' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून ते वाटेने जाणाऱ्या जहाजावर देत. बेटाची स्वतःची तिकिटं आली १९४० मध्ये आणि पुढे त्यांच्या विक्रीवर बेटाचा बराच गाडा चालला. तरी मला विचाराल तर ते बिनतिकिटाचं पाकीटच सगळ्यांत देखणं.

पॅसिफिकमधल्याच टोंगा देशातल्या निउआफोऊ बेटाच्या पाकिटावरून आपला वाद झाला होता, आठवतं? त्या बेटाला धड बंदर नाही. जहाज लांब थांबायचं, टपाल पत्र्याच्या डब्यात बंद करून समुद्रात सोडायचं आणि बेटावरचे लोक पोहत जाऊन ते आणायचे. १९३१ मध्ये शार्कने एका पोहणाऱ्याचा जीव घेतला, तेव्हापासून होड्या जाऊ लागल्या. पुढे क्वेन्सेल नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने पाकिटांवर कितीतरी भाषांतले शिक्के मारून हा डब्यांचा प्रकार जगभर गाजवला. मी म्हटलं, ही हौशी लोकांसाठी मुद्दाम केलेली पाकिटं, यांत खरं टपाल कुठलं? तुम्ही म्हणालात, "डबा तर खराच समुद्रात पडला ना?" माझं अजूनही पुरतं पटलेलं नाही. साध्या घरगुती पत्राचं, वाकडा शिक्का बसलेलं पाकीट मला जास्त जवळचं वाटतं. पण तुमच्या त्या वाक्याला उत्तर सापडलेलं नाही, हेही कबूल करते.

मुख्य आभार मात्र परतीच्या पाकिटासाठी. त्रिस्तानला पाठवायच्या पत्रात मी स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट घातलं होतं आणि त्यावर ऐटीत आपल्याच देशाची तिकिटं चिकटवली होती. ती तिथून टाकलेल्या टपालाला चालतीलच कशी, हे डोक्यातच आलं नाही. तुम्ही बंद करण्याआधी पाकीट बघायला मागितलंत म्हणून वाचले. यासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन, म्हणजे जे देऊन परक्या देशात तिथली तिकिटं घेता येतात, १९०६ मध्ये ठरलं, पण बऱ्याच देशांनी ते विकणं बंद केलंय. त्यापेक्षा बेटाचीच कोरी तिकिटं आधी मागव आणि ती परतीच्या पाकिटावर लाव, हे तुम्हीच सुचवलंत. शिवाय पत्त्यात 'टीडीसीयू १झेडझेड' हा कोड ठसठशीत लिहायला लावलात, कारण तिथल्या वस्तीचं नावही एडिंबरा आणि पत्रं भलत्याच एडिंबराला, स्कॉटलंडमध्ये, जायची.

मी दोन पाकिटं धाडली. मग नुसतं थांबणं. त्रिस्तानला विमानतळ नाही. केपटाऊनहून बोट निघते, सुमारे २८०० किलोमीटरचा प्रवास, आठवडाभर तरी लागतो, आणि समुद्र खवळलेला असला तर बेट समोर दिसत असूनही माल उतरवता येत नाही. वर्षातून अशा थोड्याच फेऱ्या. चौथ्या महिन्यात मी पाकिटांवर पाणी सोडलं होतं. सातव्या महिन्यात दोन्ही एकाच दिवशी आली.

एकाचा कोपरा ओल धरून सुरकुतलाय, पण शिक्का असा बसलाय की तारखेचा आकडा न् आकडा वाचता येतो. दुसरं कोरं करकरीत आहे, फक्त शिक्का थोडा फिकट. तुम्ही यांतलं कुठलं निवडाल हे मला ठाऊक आहे, म्हणून सुरकुतलेलं तुमच्या नावाने बाजूला ठेवलंय. परत आलेलं पत्रही त्याच पानावर आहे. ते मी फोडलेलं नाही.

नवा पत्ता कळवा. फोन नको, पाकीटच पाठवा, आणि शिक्का नीट मारून घ्या.

तुमची,
कात्री ठेवून दिलेली