तुझाच सा खरा निघाला

दादर, रविवार

प्रिय बंड्या,

तीन महिने पत्र नाही, फोन नाही, रागावला असशील. साखर ताब्यात आहे, गुडघा तसाच. पण आजची गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांची ती तबकडी चढी वाजते असं तू म्हणायचास आणि मी तुझ्या तंबोऱ्याला बोल लावायचो. ते सगळं मागे घेतो. चढा आपला जुना रेकॉर्ड-प्लेयर, तो थोरेन्सच होता.

नवा टेक्निक्स घेतला, एसएल-१२००जी. पट्टा नाहीच, थाळीच्या पोटात मोटर, आणि वेगावर क्वार्ट्झचा पहारा. पहिल्याच रात्री तीच बाजू लावली, तर षड्ज खाली बसल्यासारखा वाटला. संशय अर्थात नव्यावर. मग मोजलंच. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवायचा, सुई तबकडीवर ठेवायची (सुईची ओढ नसेल तर मोजणी खोटी) आणि शंभर फेरे मोजायचे. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे शंभराला बरोबर १८० सेकंद. टेक्निक्सला १८० लागले. थोरेन्सला १७८. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

दोन सेकंद म्हणजे १.१ टक्के. ऐकायला थोडं. पण श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर, प्रमाणश्रुती, ८१/८०, म्हणजे सव्वा टक्का! इतकी वर्षं आपण जवळजवळ एक श्रुती चढा सा ऐकत होतो. सगळेच स्वर सारखे चढतात, अंतरं बदलत नाहीत, म्हणून राग बिघडला नाही आणि मला पत्ता लागला नाही. तू तंबोरा जुळवून शेजारी बसायचास, म्हणून तुला लागला. लयही तेवढीच पुढे. वीस मिनिटांची बाजू तेरा सेकंद आधी संपत होती.

व्होल्टेजमुळे वेग चढतो म्हणायचास, त्या भांडणात मात्र तू हरलास. थोरेन्सची मोटर सोळा ध्रुवांची, सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरणारी. ५० हर्ट्झवर ती मिनिटाला ३७५ फेरेच घेणार, व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी. दोष पट्ट्याचा. मूळचा पावसाळी हवेत चिकट होऊन सैलावला, तेव्हा एका दुकानातून आणलेला बसवला, तो जाड होता. पट्टा जाड झाला की मोटरच्या कप्पीचा व्यास वाढल्यासारखं होतं. कप्पी लहान, म्हणून दोन कागदांएवढी जाडीही १ टक्का वेग वाढवायला पुरते. आतल्या थाळीचाही व्यास तेवढाच वाढतो, पण ती मोठी, तिथे तो फरक विरून जातो. आणि थोरेन्सला वेग जुळवायचं बटणच नाही.

वेग तपासायची स्ट्रोबची चकती तेव्हा काही दाखवेना, कारण आपण ती एलईडीच्या दिव्याखाली धरली होती. तिच्या १८० रेघा ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभरदा लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी असतात. जुन्या चोकची ट्यूब किंवा निऑनचा दिवा लागतो.

तुलना खरी व्हावी म्हणून कार्ट्रिज (सुई बसते ती डबी) जुनंच ठेवलं, ऑर्टोफॉन २एम ब्लू. टेक्निक्सला सुईच्या टोकापासून हेडशेलच्या (कार्ट्रिज जिथे बसतं त्या टोकाच्या) वायसरपर्यंत ५२ मिलिमीटर लागतात. सुईचा भार डिजिटल काट्यावर १.८ ग्रॅम, सुई आत ओढली जाऊ नये म्हणूनचं अँटीस्केटिंगही तितकंच. आता तंबोऱ्याची जवारी, तो तारांचा गुंजारव, गाण्याच्या मागे सुटी ऐकू येते. सज्ज्यातून कुणी चाललं तरी सुई उडत नाही. चाळीच्या लाकडी जमिनीवर थोरेन्सच्या स्प्रिंगा डुलायच्या, आणि तू पाय आपटत यायचास तेव्हा तर बाजू पहिल्यापासून लावावी लागायची! नवा मी भिंतीतल्या फळीवर ठेवलाय, १८ किलोचा आहे, फळी आधी नीट ठोकून घेतली.

काकांच्या लाखेच्या तबकड्याही आता वाजतील. ३३ आणि ४५ ची बटणं एकदम दाबली की ७८. पण ब्लूच्या सुईने नाही. ती खाचेच्या तळाशी घासते, नुसती खरखर. ७८ ला ६५ मायक्रॉनची सुई लागते, तिच्यासाठी वेगळं हेडशेल घेतोय.

वहिनींची बदली झाली का? मुलीला म्हणावं, बारावीनंतर इकडेच ये, खोली रिकामी आहे.

थोरेन्स विकवत नाही. तुलाच पाठवतोय, फक्त एका गोष्टीवर माझं मन ठरत नाही. मूळ जाडीचा पट्टा बसवू की आहे तोच राहू दे? बरोबर सा लावला की मला ती तबकडी अजून परकी वाटते. काकांनी शेवटपर्यंत ऐकली ती चढी. तू म्हणशील, बेसूर तो बेसूर. म्हण. नवा बसवून पाठवतो, जुना पाकिटात घालतो.

आतल्या थाळीचा दांडा तेलाने माखलेला येईल, पुसू नकोस. बेअरिंगच्या तोंडावर चिकटपट्टी लावलीय, ती काढ आणि थाळी स्वतःच्या वजनाने हळू खाली जाऊ दे, दाबू नकोस. कप्पी स्पिरिटने पूस, पट्ट्याला बोटांचं तेल लागू देऊ नकोस. स्प्रिंगांच्या आधी पेटी समतल कर, मग तिन्ही स्प्रिंगा अशा जुळव की थाळी सरळ वरखाली डुलेल, तिरकी नाही.

मग शंभर फेरे मोज आणि आकडा कळव.

तुझाच