स्टोमाची खूण ऑपरेशनच्या आधी, आणि जमिनीवर बसवून करा

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

माझी मावशी सोलापुरात विड्या वळते. गुदाशयाच्या कर्करोगासाठी तिचं ऑपरेशन झालं, तेही सरकारी योजनेतून. गाठ निघाली, पदरचा पैसा गेला नाही. त्याबद्दल ऋणीच आहोत. तक्रार आहे ती आतड्याचं तोंड पोटावर ज्या जागी काढलं, त्या जागेबद्दल. या तोंडालाच स्टोमा म्हणतात; त्यातून येणारा मल पोटाला लावलेल्या पिशवीत जमतो.

बेंबीखाली डावीकडची ती जागा आडवं झाल्यावर छान सपाट दिसते. पण मावशी मांडी घालून बसली की नेमकी तिथेच वळी पडते. स्टोमा आत ओढला जातो, पिशवी धरून ठेवणाऱ्या चिकट प्लेटची कड सुटते आणि पिशवी गळते. परकराची नाडीही तिथूनच जाते. मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेतलं की त्याचा काठ बरोबर पिशवीवर टेकतो. तीन-चार दिवस टिकायची ती प्लेट एप्रिलच्या घामात दुपारपर्यंतही टिकत नाही. भोवतीची कातडी सोलवटलेली, त्यामुळे नवी प्लेट नीट चिकटत नाही. पिशव्यांच्या खर्चाचं काय होतं, ते सांगायला नको.

ऑपरेशनच्या आधी कोणी तिला उठवून बसवलंच नव्हतं.

ही काही नवी विद्या नाही. अमेरिकेतल्या कोलोरेक्टल सर्जनांच्या आणि स्टोमा नर्सच्या संघटनांनी 2007 मध्येच संयुक्त निवेदन काढून आधी खूण करण्याची शिफारस केली. पद्धतही साधी आहे. रुग्णाला झोपवून मान उचलायला सांगितली की पोटाचा उभा स्नायू हाताला लागतो. जागा त्या स्नायूच्या हद्दीत धरायची. मग बसवून, वाकवून, उभं करून पाहायचं. बेंबी, हाडं, जुने व्रण, वळ्या आणि कमरेची नाडी टाळायची. प्लेट बसेल एवढा सपाट भाग हवा आणि तो रुग्णाला स्वतःला दिसायला हवा. पोट सुटलेलं असेल तर बहुधा बेंबीच्या वरची जागा बरी पडते. शेवटी सहज न पुसणाऱ्या पेनने खूण. झालं!

मात्र ‘बसवून’ म्हणजे खुर्चीवर, असं आपण धरून चालतो. सोलापुरात विडी कामगार बाई जमिनीवर बसते. कोणी नऊवारी नेसते, कोणी धोतर. नमाज पढणाऱ्याला सजदा करायला सांगून पाहावं लागेल, यंत्रमागावरच्या कामगाराला मागावर वाकतो तसं वाकायला. वॉर्डातल्या ढगळ कपड्यांत यातलं काहीच कळत नाही.

मध्यरात्री आतडं फुटून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत एवढी सवड नसते, हे समजतं. आतडं खुणेपर्यंत पोहोचलं नाही तर सर्जनला जागा बदलावीच लागते, हेही. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनचं काय? मंजुरीच्या वाटेकडे डोळे लावून माणूस वॉर्डात पडून असतो. फाइलला फोटो लागतो, रिपोर्ट लागतात. खुणेचंच तेवढं कोणी विचारत नाही.

तेव्हा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या फाइलमध्येच ‘स्टोमाची खूण केली का, कोणी केली’ ही ओळ बंधनकारक करून घ्यावी. योजना आपल्या खात्याची नसली, तरी आपण शब्द टाकू शकता. आणि प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निदान एका परिचारिकेला याचं प्रशिक्षण द्यावं. 1958 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी या कामाला नॉर्मा गिल यांना नेमलं, त्या स्वतः स्टोमा असलेल्या रुग्ण होत्या. आपल्याकडेही शिकवायला अशी माणसं मिळतील, कोणी विचारलं तर.

परिपत्रक निघालंच तर सोलापुरात ते वॉर्डाच्या भिंतीवर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लावावं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगूच बोलतात, आणि खूण करून घेण्याचा आग्रह रुग्णाच्या माणसांनीच धरावा लागणार आहे.

आपला,
एक सोलापूरकर