आई-बाबा, अळंब्या वेचायला जाण्याबद्दल

प्रिय आई, बाबा,

काल फोनवर आई एकदम गप्प झालीस आणि बाबा नुसतं "बरं बरं" म्हणाले, म्हणून लिहायला बसले. ह्या शरदात मी जंगलात अळंब्या वेचायला जाणार आहे, ठरलंय ते, नावही दिलंय. आधी विचारलं नाही कारण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मग तुमचा शब्द मोडून जाणं मला जास्त जड गेलं असतं. आई, नानांच्या वेळचं सगळं तुझ्या डोळ्यासमोर आलं असणार, कळतं गं मला. म्हणूनच सगळं नीट सांगते.

एकतर मी एकटी नाहीये. बरोबरच्या बाई आयुष्यभर हेच करत आल्यात, त्या प्रत्येकाची टोपली ओतून एकेक अळंबी बघतात, तोवर घरी न्यायचंच नाही, आणि फोनमधल्या ॲपवर भरवसा ठेवायचा नाही हा त्यांचा पहिला नियम. बाबा, डेथ कॅप ह्या जीवघेण्या विषारी अळंबीबद्दल मी सगळं वाचलंय. शिजवून विष जात नाही, त्रास सुरू व्हायलाच ६ ते २४ तास लागतात, मग उलट्या-जुलाब थांबून माणसाला बरं वाटायला लागतं आणि तेव्हाच आत लिव्हर खराब होत असतं. तिच्या टोपीखाली पांढऱ्या पापुद्र्यांच्या रांगा असतात, म्हणून तसलं काहीही उचलायचंच नाही असं ठरवलंय. मी दोनच घेणार, एक टोपीखाली मऊ काटे असलेली आणि दुसरी पोर्चिनी, जिच्या टोपीखाली स्पंजासारखं असतं आणि देठावर पांढरट जाळी असते. जाळी गडद दिसली तर ती वेगळी, विषारी नाही पण इतकी कडू की एका तुकड्याने अख्खी भाजी फुकट जाते. कुठलीही नवीन अळंबी पहिल्यांदा पूर्ण शिजवून अगदी थोडीशीच खायची, आणि एक कच्ची बाजूला ठेवायची, दाखवायची वेळ आली तर.

बूट वॉटरप्रूफ आहेत, जॅकेट जाड आहे, गोचीड चढू नयेत म्हणून पँट मोज्यात खोचते, डबा नेते, पोटभर जेवते, अंधाराच्या आत परत. आई, खरंच जेवते.

बाबा, लहानपणी तुम्ही दगड उचलून खालचे किडे दाखवायचात आणि मी तुमचा शर्ट धरून मागे उभी राहायचे, तसंच वाटतं मला तिथे. अळंबी म्हणजे नुसतं फळ, खरा जीव मातीखाली धाग्यांसारखा पसरलेला असतो, पोर्चिनीचा तर झाडाच्या मुळांना गुंडाळलेला, तो झाडाला पाणी आणि क्षार पुरवतो, झाड त्याला साखर देतं. तुम्ही बरोबर असतात तर किती प्रश्न विचारले असतेत!

आता तुमचं. बाबा, शुगरचा रिपोर्ट आला की फोटो पाठवायचा, "नॉर्मल आहे" एवढं सांगून भागणार नाही. आई, बीपीची गोळी जेवणानंतर लगेच, भांडी आवरून मग नाही. आणि माझं ऐकून तिकडे कुठे उगवलेलं काही आणून खायचं नाही हं, एका देशातली ओळख दुसऱ्या देशात चालत नाही, आपल्या ओळखीचीच आहे असं समजून परक्या जंगलात डेथ कॅप खाल्लेले लोक आहेत. जंगलात रेंज नसते, त्यामुळे फोन लागला नाही तर घाबरू नका, घरी पोचल्यावर आधी तुम्हालाच करेन, तोवर जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

तुमची,
छोटी