भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना समन्सचा अधिकार हवाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील अग्रलेख वाचला आणि राहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांना साक्षीदारांवर समन्स बजावण्याचा अधिकार दिला, तर अधिकाऱ्यांचे मनोधैर्य खचेल आणि कार्यालयांतील रोजची कामे खोळंबतील, असे आपण लिहिले आहे. अमेरिकेत सरकारी खात्यांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या महानिरीक्षकांचा दाखलाही आपण दिला आहे. तेथे १९७८ च्या कायद्याने त्यांना कागदपत्रे मागवण्याचा अधिकार मिळाला, पण नोकरी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याला किंवा ठेकेदाराला साक्षीस बोलावण्याचा अधिकार बहुतेकांना मिळाला नाही, आणि त्यामुळे अधिकाऱ्याने राजीनामा दिला की चौकशी तेथेच अडते, ही तेथील जुनी तक्रार आहे. अग्रलेखात ती आली असती, तर वाचकांना दुसरी बाजूही कळली असती. बेळगावात छापल्या जाणाऱ्या मराठी दैनिकाने तरी हा विषय दूरचा समजून लिहू नये, असे मला कळकळीने वाटते.

राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-ब आले आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमण्याची तरतूद झाली. आपल्या भागातील मराठी माणसासाठी घटनेने नेमलेला पहारेकरी तो हाच. त्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाशी संबंधित बाबींची तपासणी करावी आणि राष्ट्रपतींना अहवाल द्यावा, असे कलम सांगते. तपासणीसाठी कोणाला बोलावता येईल आणि तो आला नाही तर काय करता येईल, याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही. अनुसूचित जातींच्या आयोगाला कलम ३३८ ने, जमातींच्या आयोगाला ३३८-अ ने आणि २०१८ पासून मागासवर्ग आयोगाला ३३८-ब ने दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणालाही बोलावून त्यांना शपथेवर साक्ष घेता येते. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाला १९९२ च्या कायद्याने, माहिती आयोगाला २००५ च्या कायद्याने आणि खुद्द कर्नाटकात लोकायुक्तांना १९८४ च्या कायद्याच्या कलम ११ ने असे अधिकार मिळाले आहेत. एकट्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांनी राज्यांना प्रश्नावली पाठवायची आणि उत्तराची वाट पाहत बसायचे. ती उत्तरे वेळेवर येत नाहीत, हे त्यांच्याच अहवालांत नोंदलेले आहे.

याचा परिणाम काय होतो, ते मी जवळून पाहिले आहे. ज्या सरकारी मराठी शाळेत मी पूर्वी शिकवत होतो, तेथील शिक्षक दुसऱ्या शाळांत डेप्युटेशनवर पाठवले गेले आणि पहिली ते सातवीचे वर्ग मुख्याध्यापक व एक अतिथी शिक्षक यांच्यावर आले. कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्याला सांगते. सात वर्गांना दोन माणसे, यालाच सोय म्हणायचे असेल तर बोलणेच खुंटले. एसडीएमसीने, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीने, आयुक्तांकडे तक्रार केली, त्यावर खात्याने लेखी कळवले की मंजूर शिक्षक कार्यरत आहेत. पुढे आयुक्तांच्या कार्यालयाचे (त्यालाच आपण आयोग म्हणतो) एक अधिकारी विश्रामगृहात निवेदने घ्यायला आले, तेव्हा पालकांनी मलाही बरोबर नेले. ज्यांच्या सहीने ते उत्तर गेले होते, ते अधिकारी आले नाहीत. त्यांच्या वतीने आलेल्या कारकुनाने त्याच मजकुराचा शिक्का मारलेला कन्नड कागद पुढे केला आणि यापलीकडे आपल्याला काही माहीत नाही, असे सांगितले.

शाळेचे मुख्याध्यापक त्या वेळी खोलीतच होते. त्यांच्या मांडीवरच्या कापडी पिशवीत शिक्षकांचे हजेरीपत्रक होते आणि त्यात गेलेल्या शिक्षकांच्या नावांपुढे तांबड्या शाईने ‘डेप्युटेशन’ अशी नोंद महिनोन्‌महिने केलेली होती. ते पान टेबलावर उघडून ठेवले असते, तर खात्याचे उत्तर तेथल्या तेथे खोटे ठरले असते. त्यांनी पिशवी उघडली नाही. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “सर, मला लेखी बोलावणे आले असते, तर सांगणे भाग होते आणि सांगितले म्हणून मला कोणी धारेवर धरले नसते. स्वतःहून सांगितले, तर उद्या माझीच बदली.”

अग्रलेखात नेमके हेच सुटले आहे. समन्स हे फक्त तोंड लपवणाऱ्यासाठी असते, असे आपण गृहीत धरले आहे. खरे सांगायची इच्छा असून वरिष्ठांच्या धाकाने गप्प बसलेल्या माणसाला ते त्याहून अधिक हवे असते. सेवानियम सरकारी नोकराला परवानगीशिवाय कार्यालयातील माहिती बाहेर देऊ देत नाहीत, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे, परवानगी बहुधा त्याच्याकडेच मागावी लागते. कायद्याने बोलावले, की ती अडचण दूर होते.

राहिला प्रश्न जाचाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२ खाली समन्स मिळूनही न येणाऱ्यावर वॉरंट निघू शकते, मालमत्तेवर टाच येऊ शकते आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे घटनेच्या कलम २०(३) मध्ये आहेच. इतकी वर्षे लोकायुक्तांकडे हा अधिकार असून कर्नाटकातील कचेऱ्या काही बंद पडल्या नाहीत. शिवाय सीमाभागात तक्रारीची दखल घेतली जाईपर्यंत संबंधित अधिकारी बदलून गेलेला किंवा निवृत्त झालेला असतो. अशा माणसाला बोलवायला विनंतीपत्र कितपत उपयोगी पडणार?

आयोगाचे प्रादेशिक कार्यालय पूर्वी बेळगावात होते. ते चेन्नईला हलवले, तेव्हापासून गाऱ्हाणे सांगायलाही दुसऱ्या राज्यात जायचे, हा अन्याय वेगळाच. आपल्या दैनिकाविषयीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आयोगाचे अधिकारी आले की निवेदन देतानाचे छायाचित्र आपण ठळकपणे छापता. त्या निवेदनाला खात्याने काय उत्तर दिले आणि ते खरे होते की खोटे, हे मी आपल्या पानांत शोधत असतो आणि मला ते सापडत नाही.

हा अधिकार देण्यासाठी घटनादुरुस्तीपर्यंत थांबण्याचे कारण मला दिसत नाही. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाला संसदेने साध्या कायद्याने तो दिला, तसाच कायदा आयुक्तांसाठीही करता येईल. बेळगाव, चिक्कोडी आणि उत्तर कन्नड (खानापूर याच मतदारसंघात येते) येथील खासदारांना आपण हा प्रश्न जाहीरपणे विचारावा आणि त्यांची उत्तरे जशीच्या तशी छापावीत. तोवर आयोगाचा पुढचा दौरा होईल, तेव्हा कोणत्या खात्याचे अधिकारी बोलावूनही आले नाहीत, त्याची यादी निवेदनाच्या छायाचित्राशेजारी द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
बेळगाव जिल्हा